एन्लार्जर भंगारात देऊ नका

पत्र: “माझ्या वडिलांचा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ होता. मागच्या वर्षी ते गेले. त्यांच्या कपाटातून पेंटॅक्स के १००० कॅमेरा निघाला, त्यावर ५० मिमी एफ/२ लेन्स आहे. ‘हेलिओस ४४-२’ असं कोरलेली एक रशियन लेन्स आहे, तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं आणि ती फिरवायला खूप जड जाते. माझ्याकडे सोनीचा ए ६४०० हा डिजिटल कॅमेरा आहे. या लेन्स त्यावर बसतील का? दुकानदार म्हणतो, काच असलेला अडॅप्टरच घ्या. भावाचं म्हणणं आहे की फोटो फिल्मवरचेच खरे, म्हणून डिसेंबरमध्ये धाकट्या बहिणीचं लग्न आहे ते बाबांच्या कॅमेऱ्याने फिल्मवरच काढ. काढू का? शिवाय निगेटिव्हचे सात-आठ डबे आहेत, आणि एक एन्लार्जर. तो भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंय.”

प्रिय ताई,

आधी भंगारवाल्याला नाही म्हणा. पत्राच्या शेवटी तुम्ही उरकून टाकलेला एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र) हीच त्या डब्यांसाठी सगळ्यात कामाची वस्तू आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. तोवर त्याच्या खाली बसवलेली छोटी लेन्स काढून, कोरड्या डबीत घालून ठेवा.

कोळ्याच्या जाळ्याचं काम मात्र तातडीचं. ती बहुधा बुरशी आहे, पण खात्री करून घ्या. खोलीत अंधार करा, हेलिओसचं ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडा, समोरून तिरका मोबाइलचा टॉर्च मारा आणि मागच्या काचेतून बघा. मग लेन्स उलटी करून पुन्हा तेच. झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखाच धुरकट पडदा दिसला तर ते जुन्या वंगणाच्या वाफेने आलेलं धुकं. कडेला तेलाच्या तवंगासारखे रंगीत डाग दिसले तर एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचांमधला बाल्सम (चिकटवणारा डिंक) सुटतोय, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च या लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त होईल. सुटे बारीक कण म्हणजे धूळ, तिच्याकडे बघूही नका.

बुरशी काचेवरच्या कोटिंगवर वाढते आणि तिच्यातून निघणारं आम्ल कोटिंग आणि नंतर काचही खातं. साफ केल्यावर धागे जातात, पण कोरला गेलेला डाग तसाच राहतो. म्हणून उशीर करायचा नाही. स्वतः उघडण्याचा मोह टाळा. आतल्या रिंगांना दोन खाचा असतात आणि त्या फिरवायला लेन्स स्पॅनर लागतो. कैची किंवा स्क्रूड्रायव्हर घसरला की काचेवर ओरखडा आलाच. फोकसच्या आट्या पुन्हा बसवताना नेमक्या कुठून धरायच्या हे उघडताना खूण करून ठेवलं नाही, तर लेन्स नंतर दूरच्या वस्तूवर फोकसच करत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला दोन कामं एकदमच सांगा: बुरशी साफ करणं आणि हेलिकॉइडचं (फोकस करताना फिरणाऱ्या आट्यांचं) वंगण बदलणं. जड फिरण्याचं कारण तेच आहे. त्या काळच्या रशियन लेन्समधलं ग्रीस वर्षानुवर्षं पडून राहिलं की सुकून मेणासारखं घट्ट होतं. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का तेही बघायला सांगा.

नंतरची साठवण कोकणात जपूनच करावी लागते. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि तुमच्याकडे पावसाळ्यात ती त्याहून खूप वर असते. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहानसा हायग्रोमीटर एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. मूळ चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदळात ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याची पूड आट्यांमध्ये जाते.

आता अडॅप्टर, म्हणजे एका कॅमेऱ्याची लेन्स दुसऱ्यावर बसवणारी जोडणी. दुकानदार सर्वस्वी चूक नाही, त्याच्या डोळ्यांसमोर निकॉनचा डीएसएलआर असावा. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्सची बैठक आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यामधलं अंतर ठरलेलं असतं. तुमच्या ५० मिमी लेन्सचा पेंटॅक्स के माउंट आणि हेलिओसचा एम ४२ हा स्क्रू माउंट, या दोन्हींत ते ४५.४६ मिमी आहे. निकॉन एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी. म्हणजे निकॉनच्या डीएसएलआरवर ही लेन्स सेन्सरपासून मिलिमीटरभर जास्तच लांब बसणार आणि दूरचं काही स्पष्ट दिसणार नाही. ती चूक भरून काढायला अडॅप्टरमध्ये काच घालतात, आणि ती स्वस्त काच चित्राची धार घालवते. तुमच्या सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर फक्त १८ मिमी आहे. मधली २७.४६ मिमीची जागा भरायला पोकळ नळी पुरते. काच अजिबात नको.

दोन वेगळे अडॅप्टर घ्या, एक पेंटॅक्स के ते सोनी ई, दुसरा एम ४२ ते सोनी ई. हेलिओस ४४-२ प्रीसेट पद्धतीची आहे, म्हणजे ॲपर्चर हातानेच बंद करायचं, ते कॅमेऱ्याकडून बंद करवणारी पिन मागे नाही, त्यामुळे एम ४२ चा कुठलाही साधा अडॅप्टर चालेल. (पुढच्या ४४एम वगैरे लेन्सना पिन असते. ती दाबून धरणारी कड अडॅप्टरमध्ये नसेल आणि लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असा खटका नसेल, तर ॲपर्चर बंदच होत नाही. पुढे कधी घ्याल तर लक्षात असू द्या.)

अडॅप्टर हाती आल्यावर तीन गोष्टी तपासा. एक, लेन्स लावून हलकेच फिरवून बघा, डुगडुगता कामा नये. दोन, नळीची आतली बाजू चकचकीत काळी असेल तर उजेड तिच्यावरून उसळून सेन्सरवर जातो आणि चित्र फिकं पडतं. आत काळा मखमली कागद चिकटवला की प्रश्न मिटतो. तीन, सगळ्यात महत्त्वाचं, लांबी. नळी ०.१ मिमीने जरी जास्त निघाली तरी ५० मिमीची लेन्स साधारण २५ मीटरच्या पलीकडचं काही फोकस करू शकत नाही. भगवती किल्ल्यावरचं दीपगृह किंवा समुद्राची क्षितिजरेषा एफ/२ वर (ॲपर्चर पूर्ण उघडं; आकडा वाढला की छिद्र लहान), चित्र मोठं करून बघा. धार येत नसेल तर अडॅप्टर परत करा. बनवणारे म्हणूनच नळी मुद्दाम जराशी आखूड ठेवतात. मग रिंग अनंताच्या खुणेच्या आधीच अनंतावर पोहोचते. तो दोष धरू नका, फक्त लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका.

कॅमेऱ्यात ‘रिलीज विदाउट लेन्स’ हा पर्याय चालू करा. तो बंद असेल तर कॅमेऱ्याला लेन्स लावलेलीच कळत नाही आणि शटर दबत नाही. अडॅप्टर खराब म्हणून परत करणाऱ्या कितीतरी जणांचं एवढंच चुकलेलं असतं. मोड ए ठेवा, ॲपर्चर लेन्सवरून द्या, शटर कॅमेरा ठरवेल. ए ६४०० मध्ये सेन्सरचं स्थिरीकरण नाही. ५८ मिमीची हेलिओस तुमच्या सेन्सरवर ८७ मिमीसारखी वागते, म्हणून ऑटो आयएसओमध्ये (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता) कमीत कमी शटर १/१२५ लावून ठेवा. नाचणाऱ्या मुलांसाठी १/२५०. ॲपर्चर किती होतं हे फोटोच्या माहितीत नोंदलं जाणार नाही, हवं असेल तर वहीत लिहा.

हेलिओसवर दोन रिंगा दिसतील. खटखट आवाज करत फिरणारी रिंग म्हणजे मर्यादा, गुळगुळीत फिरणारी म्हणजे प्रत्यक्ष ॲपर्चर. पहिली एफ/१६ वर नेऊन सोडून द्या आणि दुसरीच वापरा.

फोकससाठी पीकिंगवर (स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्याची सोय) पूर्ण भरवसा नको. दीड मीटरवर ही लेन्स एफ/२ ला जेमतेम ५ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट ठेवते. पीकिंगचा रंग सगळ्यात आधी चढतो तो जास्त काँट्रास्ट असलेल्या कडांवर, म्हणजे पैठणीच्या जरीकाठावर किंवा नथीवर. डोळे त्याच्या मागे राहून जातात. फोकस मॅग्निफायर एखाद्या हाताशी असलेल्या बटणावर लावा, डोळ्यावर चित्र मोठं करा, फोकस करा, मग फोटो. पीकिंग फक्त ‘जवळ आलो’ एवढं कळण्यापुरतं. एफ/२.८ वर आलात तर चुकांचं प्रमाण बरंच उतरतं आणि काँट्रास्टही वाढतो. दोन्ही लेन्सचा फिल्टरचा आटा ४९ मिमीचा आहे, म्हणजे एकच ४९ मिमी हूड (लेन्सपुढची, आडवा उजेड अडवणारी नळी) दोन्हींना चालेल. तो नक्की घ्या. जुन्या कोटिंगला समोरून येणारा उजेड सोसत नाही, आणि लग्नाच्या हॉलमध्ये दिवे चारही बाजूंनी असतात.

हेलिओसची ख्याती मागच्या पानांच्या गरगर फिरणाऱ्या ठिपक्यांसाठी आहे. युद्धापूर्वीच्या झाइस बायोटारच्या धर्तीवर बनलेल्या या लेन्सच्या कडेकडचा प्रकाश नळीत अडतो, गोल ठिपका डोळ्याच्या आकाराचा होतो आणि असे ठिपके मध्याभोवती रांगेने उभे राहिले की भोवरा दिसतो. हा परिणाम कडांना असतो, आणि तुमचा लहान सेन्सर नेमक्या त्याच कडा कापून टाकतो. म्हणून इंटरनेटवर दिसतो तितका भोवरा तुम्हाला मिळणार नाही. थोडा हवाच असेल तर एफ/२, माणूस दीड-दोन मीटरवर, आणि त्याच्या मागे चार-पाच मीटरवर आंब्याची किंवा चिकूची दाट पानं, ज्यातून आकाशाचे तुकडे दिसतील. काच असलेला अडॅप्टर फायद्याचा ठरतो तो फक्त इथे. फोकल रिड्यूसर नावाचा प्रकार ०.७१ पट करून ५८ मिमीची ४१ मिमी करतो, कापलेल्या कडा बऱ्याच परत देतो आणि एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजेडही वाढवतो. पण ती हौसेची पुढची पायरी, आज नको.

आता तुमच्या भावाच्या म्हणण्याकडे येऊ. जुनी लेन्स लावली की फिल्मसारखे फोटो येतात असा समज आहे, तो आधी सोडा. लेन्स देते ती धार, काँट्रास्ट, मागचा धूसरपणा आणि उजेडाचे चट्टे. फिल्म देते ते दाणे, रंगांचा कल, आणि उजळ भाग हळूहळू पांढऱ्यात विरत जाण्याची पद्धत. ही दोन वेगळी खाती आहेत. हेलिओस सोनीवर लावली तर फोटो डिजिटलच राहतो, फक्त त्याचा स्वभाव मऊ होतो. त्यामुळे ‘फिल्म की डिजिटल’ हा निर्णय लेन्सवर न ठरवता उजेडावर आणि एक फोटो हुकला तर काय गमावू यावर ठरवा.

लग्नाचं गणित मांडून बघा. साधारण प्रकाशाच्या हॉलमध्ये ४०० आयएसओची फिल्म आणि एफ/२ धरलं तर शटर १/६० मिळतं. माणूस शांत बसला असेल तर ठीक. अक्षता उधळणारे हात, हार घालण्याचा क्षण १/६० ला हलतात. तुमचा सोनी त्याच जागी आयएसओ १६०० ला १/२५० देतो आणि फोटो लगेच तपासताही येतो. फिल्मवर चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर. खर्चही हिशेबात धरा. समजा रोल १००० रुपये आणि धुणं-स्कॅन मिळून ६००, तर ३६ फोटोंमागे प्रत्येकी ४४ रुपये. म्हणून लग्नाचा मुख्य भार डिजिटलवर, त्यातही तुमच्या ऑटोफोकस लेन्सवर. तुमची बहीण सप्तपदी दुसऱ्यांदा चालणार नाही. के १००० मध्ये मात्र एक रोल जरूर भरा, आणि तो हळदीला, सकाळच्या उन्हात, अंगणात वापरा. फिल्म तिथे तिचं सगळं बळ दाखवते.

भाऊ म्हणतो त्यात एका बाबतीत तथ्य आहे. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड फार छान सोसते. एक-दोन स्टॉप जास्त पडला तरी उपरण्याच्या घड्या दिसत राहतात, पण कमी पडला की सावल्या मातकट होतात. डिजिटल नेमकं उलट: सावलीतून पुष्कळ वर काढता येतं, पांढरं एकदा जळलं की गेलं. म्हणून फिल्मवर सावलीतल्या चेहऱ्यावर उजेड मोजणारा मीटर लावा, किंवा ४०० ची रंगीत फिल्म असेल तर मीटरला २०० सांगा. सोनीवर उपरण्यावर आणि मुंडावळ्यांच्या पांढऱ्या फुलांवर नजर ठेवा आणि गरज पडली तर ०.७ स्टॉप खाली या.

के १००० आधी तपासा. १९७६ पासून १९९७ पर्यंत बनलेला हा पूर्ण यांत्रिक कॅमेरा आहे. एलआर ४४ ची एक बॅटरी लागते ती फक्त मीटरला, शटर तिच्याशिवाय चालतं. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट-पांढरा गंज असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कानकाडीने पुसा, वाळू द्या. मीटरला बंद करण्याचं बटण नाही, काम नसताना लेन्सवर टोपी घाला, नाहीतर बॅटरी उतरते. मागचं दार उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबा. चिकट होऊन बोटाला लागला तर उजेड आत शिरणार, तो बदलून घ्या. मग रिकाम्या कॅमेऱ्यात दार उघडं ठेवून १ सेकंद, १/६० आणि १/१००० असे आवाज ऐका. एका सेकंदाचा पडदा अडकत असेल तर कॅमेराही दुरुस्तीला. हे सगळं झाल्यावर लग्नाच्या किमान महिनाभर आधी एक चाचणीचा रोल संपवून धुऊन आणा.

रोल भरताना नवशिक्यांची जी चूक होते ती एकच: फिल्मचं टोक चकरीत नीट अडकत नाही आणि छत्तीस फोटो रिकामेच निघतात. टोक अडकवा, दार उघडं असतानाच एकदा फिरवून दोन्ही बाजूंचे दाते छिद्रांत बसलेले बघा, दार लावा, डावीकडची रिवाइंड मूठ फिरवून ढिलाई काढा. आता प्रत्येक वेळी फिल्म पुढे ओढताना ती मूठ फिरली पाहिजे. फिरत नसेल तर थांबा. हेलिओस याच कॅमेऱ्यावरही चालेल. एम ४२ आणि पेंटॅक्स के यांचं अंतर एकच असल्यामुळे पातळ रिंग पुरते. मात्र माउंटच्या आत पूर्ण बुडून बसणारी रिंग घ्या. बाहेर कड असलेल्या स्वस्त रिंगेने अनंताचा फोकस जातो.

रंगीत रोल सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेला द्या. तिचा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) ३८ अंशांना सव्वातीन मिनिटं लागतो आणि तापमानात अर्ध्या अंशाचीही ढिलाई चालत नाही, घरी पहिल्यांदा करण्यासारखं ते काम नाही. सिनेमाची फिल्म छोट्या रिळांत भरून विकली जाते, तिच्या मागे रेमजेट नावाचा काळा थर असू शकतो. तो थर न काढता अशी फिल्म सी-४१ यंत्रात गेली तर यंत्राचं रसायन आणि दुसऱ्यांचे रोलही खराब होतात, म्हणून विकत घेतानाच विचारा. लॅबला लेखी सांगा की निगेटिव्ह परत हवेत. हल्ली कित्येकजण स्कॅन घेतात आणि निगेटिव्ह लॅबमध्येच राहून जातात.

कृष्णधवल मात्र घरी करा, बाबांची फिल्म धुण्याची टाकी असेलच. इलफर्ड एचपी ५ ही फिल्म आणि डी-७६ हा डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० अंशांना ११ मिनिटं. रत्नागिरीच्या नळाचं पाणी २७-२८ अंशांचं असतं, तेव्हा बर्फाच्या पिशव्या घातलेल्या टबात सगळ्या बाटल्या उभ्या करा. २४ अंशांपर्यंतच खाली आलं तर वेळ साधारण पावणेआठ मिनिटं. पाच मिनिटांच्या आतल्या वेळा टाळा, पट्टे पडतात. फिक्सरची (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाची) वेळ अशी काढा: रोलचं कापलेलं टोक फिक्सरमध्ये टाका, ते पारदर्शक व्हायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट. कपाटात जुना, मुदत संपलेला रोल सापडला तर तो लग्नाला नको, कधीतरी प्रयोगाला वापरा.

आता एन्लार्जर. निगेटिव्ह हा सपाट कागदासारखा विषय आणि तो जवळून टिपायचा. हेलिओस आणि पेंटॅक्स दोन्ही लांबच्या गोल चेहऱ्यांसाठी बनल्या आहेत, इतक्या जवळ त्यांच्या कडा मऊ पडतात. एन्लार्जरची लेन्स मात्र नेमकी याच कामासाठी घडवलेली असते, सपाट निगेटिव्ह, जवळचं अंतर, कोपऱ्यापर्यंत धार. तिच्या कडेला एल-निक्कोर, कंपोनॉन किंवा रोडागॉन असं कोरलेलं असेल तर उत्तमच. नाव अनोळखी असलं तरी वापरून बघितल्याशिवाय नाकारू नका. बहुतेकींचा आटा ३९ मिमीचा असतो. ३९ ते ४२ मिमीची छोटी रिंग लावली की ती तुमच्या एम ४२ अडॅप्टरवर बसते, मध्ये एम ४२ च्या एक्स्टेन्शन रिंगा (लेन्स पुढे सरकवणाऱ्या पोकळ नळ्या) घालायच्या.

किती घालायच्या? ३५ मिमी निगेटिव्हची चौकट ३६ मिमी रुंद, तुमचा सेन्सर २३.५ मिमी. म्हणजे ०.६५ पट. ५० मिमीच्या लेन्सला त्यासाठी ५० गुणिले ०.६५, म्हणजे साधारण ३२ मिमी वाढ लागते. तीन रिंगांच्या नेहमीच्या संचातली २८ मिमीची लावून बघा, ७ मिमीची जोडली तर चौकटीच्या कडा कापल्या जातात. फोकस कॅमेरा वर-खाली करून साधा, कारण या लेन्सला फोकसची रिंगच नसते. डब्यांमध्ये १२० रोलचे (जास्त रुंद फिल्मचे) चौकोनी निगेटिव्हही असतील. त्यांची चौकट ५६ मिमीची, सेन्सरची उंची १५.६, म्हणून ०.२८ पट आणि १४ मिमीची एक रिंग पुरे.

एन्लार्जरचं डोकं काढून त्याच्या खांबावर कॅमेरा बसवा, भिंग खाली बघेल असा. पाट, खांब, वर-खाली करणारं चाक, सगळं तयारच आहे. याहून भक्कम कॉपी स्टँड बाजारात स्वस्तात मिळत नाही. पाटावर ९५ किंवा जास्त सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेलं एलईडी पॅनेल ठेवा. एन्लार्जरचा निगेटिव्ह कॅरियर (निगेटिव्ह सपाट धरणारी चौकट) त्याच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर उंच उचलून धरा, म्हणजे पॅनेलवरची धूळ आणि ठिपके फोकसबाहेर जातील. चौकटीबाहेरचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका. कॅमेरा समतल आहे का हे बघायला कॅरियरच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्ये आलं की काम झालं. कोपरे मऊ येतात ते बहुतेक वेळा समतल नसल्यामुळे, आणि दोष बिचाऱ्या लेन्सला लागतो.

रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली) फाइल, आयएसओ १००, एफ/५.६ ते एफ/८, त्याहून बंद करू नका, इतक्या जवळ धार उतरते. दोन सेकंदांचा टायमर, यांत्रिक शटर, खोलीत अंधार. उजेड इतका द्या की निगेटिव्हची कोरी कड जळण्याच्या जरा अलीकडे थांबेल. रंगीत निगेटिव्हला त्याच नारिंगी कोऱ्या कडेवर व्हाइट बॅलन्स घ्या, मग उलटं करताना निळसर छटेशी झगडावं लागत नाही. पूर्ण रोल एकाच एक्स्पोजरवर काढा. निगेटिव्हची मंद (न चमकणारी, चित्राचा थर असलेली) बाजू लेन्सकडे ठेवली तर फोटो नंतर आडवा पलटवा. ३६ मिमी पूर्ण ६००० पिक्सेल रुंदीत आली तर इंचाला ४२०० च्या वर ठिपके, जराशी कमी भरली तरी मोठ्या प्रिंटला भरपूर.

धूळ फुग्याने उडवा, सुती हातमोजे घाला, ओलं कापड लावू नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीला चिकटलेले निगेटिव्ह ओढून काढू नका, मंद थर सोलून येतो. ते बाजूला ठेवून जाणकाराला दाखवा.

सुरुवात कुठल्या डब्यापासून करायची ते नाक सांगेल. प्रत्येक डबा उघडून वास घ्या. कडेला ‘सेफ्टी’ छापलेली जुनी ॲसिटेट फिल्म दमट उष्णतेत ॲसिटिक आम्ल सोडायला लागते, आणि ते आम्ल शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही बिघडवतं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म बाबांनी वापरली असेल तर तीही आता कित्येक दशकांची झाली. व्हिनेगरचा वास आला तो डबा आजच बाकीच्यांपासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि खांबावर कॅमेरा चढला की सगळ्यात आधी तोच डबा घ्या.